आमच्या घरचा ॲडमिनिस्ट्रेटर

आठवणी लिहायच्या तर माणसाचे गुडघे दुखायला लागलेले असावेत, असा एक समज आहे. माझे अजून बरे आहेत. पण परवा माझी पोरगी म्हणाली, "मम्मी, तुमच्या जमान्यात कंप्युटरले वायर राहे का?" आणि मला एकदम हातात काठी आल्यासारखं वाटलं. राहे, बाई. वायर राहे, डब्बा राहे, डब्ब्यावर कव्हर राहे आणि कव्हरावर नजर ठेवायला माझा बाप राहे. आमच्या घरी तर कंप्युटरच्या आधी कव्हर आलं होतं. बाबा दुकानात जाऊन मॉनिटरचं माप टेपनं घेऊन आले आणि आईनं आपल्या पोपटी साडीचा चांगला भाग कापून कव्हर शिवलं, त्याला झालर लावली. कंप्युटर यायला पुढं पंधरा दिवस लागले. तोपर्यंत ते कव्हर रिकाम्या टेबलावर घडी करून ठेवलेलं असे आणि आल्यागेल्याला बाबा ते दाखवत.

आमचं घर तेलुगू मुलखातल्या आदिलाबादेत, कापसाच्या मार्केटकडं जाणाऱ्या गल्लीत. तीन खोल्या एकामागं एक, म्हणजे रस्त्यावरून हाक मारली की स्वयंपाकघरातून ओ यायचा. हंगामात कापसाच्या गाड्या आणि ट्रक पहाटेपासून लागत, ड्रायव्हर हिंदीत भांडत, हमाल तेलुगूत उत्तर देत आणि आमची आई मराठीत दोघांना शिव्या घाली. कापसाचे धागे उडून उंबऱ्यात येत, तव्यावर येत, कधी भाजीत येत. बाजूच्या तेलुगू काकूंच्या घरी चिंचेची फोडणी पडली की आमच्या तिघांनाही एकदम शिंक येई. या सगळ्यात पहिल्या खोलीत, बुद्धाच्या फोटोखाली, कंप्युटर बसला. त्याच्या शेजारी यूपीएस नावाचा एक जड ठोकळा होता. लाइन गेली की तो कोंबडीच्या पिल्लासारखा चिवचिवायचा आणि बाबा जेवत असले तरी उष्ट्या हातानं धावायचे.

कंप्युटर लावून द्यायला दुकानदार युसूफभाई स्वतः आले. सगळं जोडून झालं आणि त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. "साब, एडमिनिस्ट्रेटर कौन रहेगा?" बाबांना आधी कळलंच नाही. युसूफभाईंनी समजावलं की एक खातं मोठं राहतं. नवीन काही टाकायचं, काढायचं, बदलायचं, तर त्याचीच परवानगी लागते. बाकीची खाती छोटी, ती फक्त वापरायला. बाबांनी पाठ ताठ केली, शर्टाची कॉलर सारखी केली आणि म्हणाले, "मेरा नाम डालो." मग पासवर्डची वेळ आली. बाबांनी आईला आत पाठवलं, मला आत पाठवलं आणि युसूफभाईंना, ज्यांनी तो डब्बा स्वतःच्या हातानं जोडला होता, त्यांना भिंतीकडं तोंड करून उभं केलं. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. तो बिचारा माणूस कॅलेंडर वाचत उभा आणि बाबा एका बोटानं, एक एक अक्षर शोधून, आयुष्यातला पहिला पासवर्ड टाइप करून राह्यलेले.

आज मला त्याचं हसू येतं, तेव्हा राग आला होता. पण बाबा काय होते ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट कळायची नाही. बाबा गुडीहत्नूरच्या मंडल कचेरीत, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीत, कारकून होते. सव्वीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या दरख्वास्ती वर सरकवल्या होत्या. वर बसलेला साहेब बदलायचा, बाबांची खुर्ची बदलत नव्हती. त्यांचा बाप, माझा आजा, सरहद्दीवरच्या एका गावात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी होता. लग्नाला, मरणाला, आजाराला सुट्टी मागायला तो चप्पल काढून मालकाच्या अंगणात उभा राही. आमच्या खानदानात आजपर्यंत सगळ्यांनी परवानगी मागितली होती, कोणी कधी दिली नव्हती. देणारे पहिले आमचे बाबा. आता अशा माणसाच्या हातात तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटरपद दिलं तर तो ते काय कव्हरखाली झाकून ठेवेल?

आठ दिवसांत घरात रजिस्टर आलं. लाल पुठ्ठ्याचं, रेघा मारलेलं, कचेरीतल्यासारखं. त्यात रकाने होते: क्रमांक, अर्जदार, विषय, शिफारस, शेरा. मी तेव्हा इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होते. माझं आणि आईचं मिळून एक छोटं खातं होतं, 'घर' नावाचं. त्यात काहीही करायला गेलं की पडद्यावर पाटी यायची की तुम्हाला पुरेसे अधिकार नाहीत, ॲडमिनिस्ट्रेटरला भेटा. ॲडमिनिस्ट्रेटर शेजारच्या खाटेवर पेपर वाचत पडलेला असायचा. मी म्हणायची, "बाबा, बुद्धिबळाचा खेळ टाकून द्या ना." ते पेपर न हलवता म्हणायचे, "दरख्वास्त दे." मग मी लिहायची, 'मा. ॲडमिनिस्ट्रेटर साहेबांचे सेवेशी, अर्जदार कु. रजनी, राहणार मधली खोली.' शिफारशीच्या रकान्यात आईची सही लागायची, कारण थेट साहेबाकडं जाणं कायद्यात बसत नाही म्हणे. आई बिचारी प्रत्येक अर्जावर न वाचता 'शिफारस आहे' लिहायची, एक हात पिठाचा असला तर दुसऱ्या हातानं. दोन दिवसांनी शेरा पडायचा. बुद्धिबळावर पडलेला शेरा मला अजून पाठ आहे. 'अर्जदाराचे तिमाही गुण पाहता विचार करता येत नाही. दाखल दफ्तर.' म्हणजे फाइल बंद.

"अवं, पोरगी हाय थे तुमची, जमिनीचा पट्टा मागाले आलेली नाई," आई म्हणायची.

"मास्तरीनबाई, आज पोरीले सूट देली तं उद्या तुमी मागान." आई शाळेत शिकवायची, म्हणून बाबा तिला मास्तरीनबाई म्हणत.

"मी कायले मागन? माह्यं काय आडून राह्यलंय तुमच्या डब्ब्यात?"

हे ती सुरुवातीला म्हणायची. पुढं तिचं त्या डब्ब्यात फार मोठं अडलं, तेच सांगायला बसले आहे.

कंप्युटरला एक खोड होती. त्याच्या आतली बारकी बॅटरी जुनी असावी, कारण रात्री मेन बटन बंद केलं की तो सगळं विसरायचा आणि सकाळी उठून थेट कुठल्यातरी जुन्या सालातल्या एक जानेवारीला जाऊन बसायचा. घड्याळ बदलायचा अधिकारही ॲडमिनिस्ट्रेटरचाच. म्हणून रोज सकाळी बाबा आंघोळ करून, केसांना तेल लावून, बनियनवरच टेबलासमोर बसायचे, आम्हाला बाहेर काढायचे, आपल्या खात्यात शिरायचे आणि मनगटावरच्या घड्याळात बघून कंप्युटरला आजच्या दिवशी आणून सोडायचे. ते झाल्याशिवाय चहा घेत नसत. युसूफभाई म्हणाले होते, बॅटरी बदलून देतो, पाच मिनिटांचं काम. बाबांनी ती दरख्वास्त तोंडीच नामंजूर केली. रोज आपल्या हातानं वेळ लावण्यात त्यांना काय सुख होतं ते त्यांनाच ठाऊक.

आई आताच्या भीमपूर मंडलातल्या एका गावात मराठी शाळेत शिकवायची. सकाळच्या जीपनं जाई, चारला परत येई, पाय धुऊन लगेच चुलीपाशी. तिच्या पहिली-दुसरीच्या पोरांना जी पुस्तकं मिळत त्यातली मराठी पोरांना परकी वाटे. पुस्तकातला मुलगा बागेत जाऊन झोपाळ्यावर बसायचा. आईची पोरं कापूस वेचायला जात आणि बकऱ्या राखत. मग ती स्वतःच गोष्टी रचायची, फळ्यावर लिहायची, पोरांकडून वाचून घ्यायची आणि संध्याकाळी फळा पुसून घरी यायची. वहीत तिनं कधी काही लिहिलं नाही. "फळ्यावर हाय ना," म्हणे, जसा काही फळा कुणी जपूनच ठेवणार होतं. एका पावसाळ्यात मला मराठी टायपिंगचं वेड लागलं, तेव्हा मी तिला म्हटलं, तू सांग, मी टाइप करते. तिथून सुरू झालं.

ते दिवस आठवले की अजून मला भाकरीचा वास येतो. आई आत ज्वारीची भाकर थापत बसलेली, मी एक खोली सोडून कंप्युटरपुढं. ती ओरडून सांगायची, मी ओरडून विचारायची. "बकरीनं मास्तरले म्हनलं, माही बी हजेरी घ्या!" थप थप थप. "हजेरी घेतली का, आई?" "थांब ना, भाकर करपून राह्यली... घेतली. मास्तर म्हने, नाव सांग. बकरी म्हने, मे!" गल्लीतून जाणारे हमाल थांबून ऐकायचे. शेजारच्या तेलुगू काकू मधेच हसायच्या, त्यांना किती कळायचं देव जाणे. शाळेत रोज येणाऱ्या बकरीची गोष्ट, बोंडात अडकलेल्या अळीची गोष्ट, जीपच्या टपावर बसून आदिलाबाद बघायला निघालेल्या कोंबड्याची गोष्ट. आंबाडीच्या भाजीला लसणाची फोडणी पडेपर्यंत एक गोष्ट व्हायची. दिवाळीपर्यंत एकतीस झाल्या. मी त्यांचं एक वेगळं फोल्डर केलं आणि त्याला आईचं नाव दिलं, सुमन. आईनं चष्मा लावून पडद्यावर आपलं नाव बघितलं आणि पदरानं पडदा पुसला. पडद्यावर धूळ नव्हती.

ते फोल्डर बाबांनी बघितलं आणि त्यांच्यातला कारकून जागा झाला. एका रविवारी त्यांनी सगळ्या एकतीस गोष्टी वाचल्या, कोंबड्याच्या गोष्टीला तर मोठ्यानं हसले आणि मग गंभीर होऊन म्हणाले, "हे असं उघड्यावर ठिवाचं नाई. रजी खेळ खेळते, काई दाबलं-बिबलं तं? म्या हे रेकॉर्ड माह्या ताब्यात घेतो." आणि त्यांनी ते फोल्डर आमच्या खात्यातून उचलून आपल्या खात्यात नेलं, आपल्या खाजगी कपाटात, जिथं दुसऱ्या कुणाचं बोट पोचत नाही. आम्ही ते उघडायला गेलो की पाटी यायची की प्रवेश नाही. माझ्या आईच्या गोष्टी, मी टाइप केलेल्या, आणि आम्हालाच प्रवेश नाही! मी दोन दिवस बाबांशी बोलले नाही. आई म्हणाली, "राहू दे वं, त्याईले कौतुक वाटून राह्यलं. कौतुक कराची तऱ्हा तशी हाय त्याईची."

मग थंडीत एक दिवस आई शाळेतून नाचतच आली. नाचत म्हणजे तिच्या परीनं, एक पाय जरा जोरात टाकत. वरून कागद आला होता. जिल्ह्यातल्या मराठी शाळांसाठी वाचनाची पुस्तिका काढायची होती आणि शिक्षकांनी स्वतः लिहिलेलं साहित्य टाइप करून, छापून मागवलं होतं. पुढच्या मंगळवारी शेवटची तारीख. निवडलेलं जिल्ह्यातल्या सगळ्या मराठी पोरांच्या हातात जाणार. "माही बकरी सगळ्याईच्या घरी जाईन, रजे," आई म्हणाली. तिचा चेहरा असा मी आधी बघितला नव्हता. वीस वर्षं ती दुसऱ्यांनी लिहिलेलं शिकवत आली होती. संध्याकाळी बाबा आल्या-आल्या तिनं पाण्याच्या तांब्यासोबतच सांगितलं, "माह्या गोष्टी काढून द्या."

बाबांनी पाणी प्यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. मग म्हणाले, "दरख्वास्त दे."

आई हसली. तिला वाटलं गंमत आहे. पण हौसेनं तिनं खरंच रजिस्टरमध्ये लिहिलं, पहिल्यांदा अर्जदार म्हणून. शिफारस माझी. दोन दिवसांनी शेरा पडला. 'अभिलेख सुरक्षित आहे. योग्य वेळी देण्यात येईल.' गुरुवारी आईनं विचारलं तर म्हणाले, कचेरीत जमाबंदीचं काम आहे, डोकं दुखतं. शुक्रवारी म्हणाले, आधी गोष्टींची यादी दे, मोजून घ्यावं लागेल. शनिवारी म्हणाले, "येवढी काय घाई हाय? मंगळवार आजून दूर हाय ना." मी आतून ऐकत होते आणि माझ्या कानशिलात रक्त चढलं होतं. मला वाटलं, या माणसाला बायकोचं नाव छापून येणं सहन होत नाही. सतरा वर्षांची होते मी. मी तेव्हा ताट सोडून उठले होते. आज कबूल करते की तो माझा मूर्खपणा होता, पण कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं ते माझ्या कसं यावं?

लक्षात आलं आईच्या. रविवारी दुपारी ती टेबलापाशी उभी राहून नुसती बघत होती. मी 'घर' खात्यात अभ्यासाचं काहीतरी उघडून बसले होते. आईनं पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"रजे, हे काय तारीख हाय?"

"एक जानेवारी. जुनी."

"आन् काल?"

काल पण एक जानेवारी होती. परवा पण. आठवून बघितलं तर दहा-बारा दिवस आम्ही एक जानेवारीतच राहत होतो. बाबा आंघोळ करून, तेल लावून सरळ चहा प्यायला लागले होते. मी एकदा विचारलं होतं तर म्हणाले होते, "येळेचं काय घिऊन बसली, भितीवर घड्याळ हाय ना."

आई बाबांच्या खाटेपाशी गेली. बाबा पेपर वाचत होते, म्हणजे पेपर तोंडापुढं धरून होते. आईनं तो हळूच खाली केला. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

"तुमाले पासवर्ड आठोत नाई ना?"

बाहेर कापसाचा ट्रक मागं येत होता आणि कोणीतरी "आने दो, आने दो" ओरडत होतं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग सांगितलं. कचेरीत कंप्युटरचं एक दिवसाचं ट्रेनिंग झालं होतं. तिथं सांगितलं की पासवर्ड बदलत राहायचा, अवघड ठेवायचा, कुठं लिहायचा नाही आणि घरच्यांनाही सांगायचा नाही. सगळ्या कचेरीत ते फक्त बाबांनी मनावर घेतलं होतं. त्यांनी मोठी-लहान अक्षरं, आकडे, चिन्हं सगळं घालून असा जबरदस्त पासवर्ड केला की दुसऱ्या दिवशी तो त्यांनाही सापडेना. आठवण म्हणून कंप्युटर एक इशारा लिहून ठेवायला सांगतो. त्यांनी तिथं लिहिलं होतं: नेहमीचाच.

मला हसू फुटलं. मी तोंडावर हात धरला, पण फुटलंच. आई हसली नाही. ती म्हणाली, "आन् हप्ताभर तुमी मले शेरे लिवून राह्यले?"

"काय सांगू मंग?" बाबा म्हणाले. "तुह्या एकतीस गोष्टी म्याच आंदर घालून ठिवल्या. म्याच. रोज बसतो, पन्नास डाव लावून पायतो. कसं सांगू तुले?" त्यांचा आवाज फाटला. माझं हसू तिथंच थांबलं. आई उठून आत गेली आणि भांडी घासायला लागली. त्या घरात भांडी इतक्या जोरात कधी घासली गेली नव्हती. एकतीस गोष्टी फळ्यावर होत्या आणि फळा रोज पुसला गेला होता. तिच्याकडं दुसरं काहीच नव्हतं.

अर्ध्या तासानं बाबा माझ्यापुढं आले. हातात लाल रजिस्टर. त्यांनी त्यात लिहिलं होतं, आपल्या त्या कोरून काढल्यासारख्या अक्षरात. 'मा. सुमनबाई यांचे सेवेशी. अर्जदार: कुटुंबप्रमुख. विषय: पासवर्ड विसरल्याबद्दल व लपविल्याबद्दल. अर्जदाराच्या हातून कसूर झाली आहे. माफी मिळावी.' शिफारशीचा रकाना रिकामा होता. शिफारस नेहमी आई करायची आणि या वेळी साहेब आईच होती.

"लिव," बाबा म्हणाले. माझ्याकडं बघत नव्हते. "शिफारस लिव. थेट कसं जाऊ?"

चप्पल काढून अंगणात उभा राहणारा आजा मी कधी बघितला नाही. पण त्या दुपारी थोडा बघितला, बनियनवर, माझ्या टेबलापुढं. मी पेन घेतलं आणि लिहिलं, 'अर्जदार मनाने सरळ आहेत. आधी जरा ओरडावे, मग विचार व्हावा.' बाबांनी वाचलं, नाक पुसलं आणि रजिस्टर घेऊन आत गेले. भांड्यांचा आवाज थांबला. मग रजिस्टर बाहेर आलं, पानाला राखेचा अंगठा लागलेला, आणि आईचा शेरा. 'मंजूर. त्या युसूफभाईला फोन लावा.'

बाबांसाठी हे माफी मागण्यापेक्षा अवघड होतं, कारण त्याच माणसाला त्यांनी भिंतीकडं तोंड करून उभं केलं होतं. पण लावला फोन. खुर्चीवर आई बसली, तिनं मला उठवलं. बाबा फोन कानाला लावून, युसूफभाई जे सांगतील ते मोठ्यानं बोलत होते. "बंद करके चालू करो. हां. चालू होताच आठ नंबरची वरची बटन दाबत राहा. दाबो, दाबो." आईनं बोटाला जोर दिला. पडदा काळा झाला, चारही कोपऱ्यांत इंग्रजी अक्षरं आली आणि मधे दोन नावं. एक बाबांचं. दुसरं असं की जे आम्ही कधी बघितलं नव्हतं.

"क्या? हां... असली एडमिनिस्ट्रेटर," बाबा म्हणाले. आवाज खाली आला. "पहलेसे था? ...अच्छा. छुपा रहता." मग जरा थांबून, "उसका पासवर्ड?"

युसूफभाई काय म्हणाले ते बाबांनी मोठ्यानं सांगितलं नाही. आईनं मान वळवून विचारलं, "काय म्हन्ते?"

"नाई म्हने. पासवर्डच नाई. नुस्तं दाबा, उघडते."

म्हणजे इतके महिने बाबांच्या वरती एक साहेब होताच. गुपचूप बसलेला आणि दार सताड उघडं टाकून. बाबा खाटेवर बसले. "इथी बी वर कोनीतरी हायच," एवढंच म्हणाले.

आता बाबांच्या खात्याचा पासवर्ड पुसायचा होता. ते करायला गेलं तर एक लांबलचक इशारा आला की असं केल्यास त्या माणसाची काही खाजगी माहिती कायमची जाऊ शकते, करायचं का? मी वाचून दाखवलं. बाबा फोनमध्ये विचारत राहिले, "कुछ जाएगा तो नहीं? पक्का?" आणि युसूफभाईही काही पक्कं सांगेनात. नव्वद टक्के म्हणाले. बाबा म्हणाले, "राहू दे, सुमन. मंगळवार जाऊ दे, पन गोष्टी जातीन तं..." त्यांनी आईला नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. आईचा हात माउसवर होता, नखात अजून राख होती. ती म्हणाली, "आंदर राहून मले कायच्या कामाच्या हायेत?" आणि तिनं होय दाबलं.

फोल्डर होतं. एकतीसच्या एकतीस. आईनं पहिली बकरी उघडली, पहिली ओळ वाचली आणि रडायला लागली. मग मी रडले. फोनमधून युसूफभाई "हुआ क्या साब, हुआ क्या?" करत राहिले, कारण बाबा फोन खाटेवर ठेवून पडद्याशी वाकले होते. सोमवारी आई रजा टाकून अख्खा डब्बा मांडीवर घेऊन ऑटोनं युसूफभाईंच्या दुकानात छापायला गेली. आमचा मराठी फॉन्ट दुसरीकडं उमटत नव्हता. पोपटी कव्हर डब्ब्यावर घातलेलं होतं, धूळ लागू नये म्हणून. मंगळवारी कागद पोचले. पुढं पुस्तिकेत चार गोष्टी घेतल्या, त्यात बकरी होती. आईच्या शाळेतली पोरं ती वाचताना बकरीच्या जागी सगळी मिळून "मे!" ओरडत आणि शेजारच्या वर्गातले मास्तर वैतागत.

ॲडमिनिस्ट्रेटर त्या रविवारपासून आई झाली. बाबांनीच रजिस्टरमध्ये तसा हुकूम लिहिला, दोघांच्या सह्या घेतल्या. आईच्या नावानं मोठं खातं झालं, बाबांचं छोटं. पण घड्याळाचं काम त्यांनी सोडलं नाही. रोज सकाळी आंघोळ करून, तेल लावून ते टेबलापाशी येत आणि हाक मारत, "मास्तरीनबाई, येळ लावाची हाय." आई पिठाच्या हातानं येई. ती पासवर्ड टाकेपर्यंत बाबा, कोणी न सांगता, भिंतीकडं तोंड करून उभे राहत. बटनांचा आवाज येई, टक टक टक, मग आई म्हणे, "झालं." बाबा वळत आणि वेळ लावत. त्या बटनांवर कायम पीठ बसलेलं असे.

मी एकदा आईच्या मागं उभी होते म्हणून मला कळलं. तिनं पासवर्ड ठेवलाच नव्हता. नावावर दाबलं की खातं आपोआप उघडायचं. मग ती उघडलेल्या पडद्यासमोर बसून दहा-बारा बटनं उगीचच दाबायची. मी तिच्याकडं बघितलं. तिनं डोळ्यांनीच मला गप्प केलं.

पुढं संक्रांतीला आई चार दिवस मावशीकडं किनवटला गेली. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले, कंप्युटर चालू केला आणि कोपऱ्यात बघितलं. तारीख बरोबर होती. वेळ मिनिटाला बरोबर होती. बाबा खाटेवर पेपर वाचत होते. मोठं खातं आईचं, आणि आई किनवटला. चौथ्या दिवशी संध्याकाळी आई आली, पिशवीत तिळाचे लाडू घेऊन. पाचव्या दिवशी सकाळी बाबांनी आंघोळ केली, तेल लावलं, टेबलापाशी आले, "मास्तरीनबाई, येळ लावाची हाय," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.